ओली भिंत

"अहो, भिंत ओली कशानं झालीय?" असं विचारत बायको आत आली आणि तिनं उजवा तळवा पुढं केला. तळवा पिवळाजर्द होता. रस्त्यावर पट्टे मारतात तो दाट, चिकट रंग बोटांच्या बेचक्यांत शिरला होता आणि त्याचा एक ओघळ मनगटावरून कोपराकडे निघाला होता. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. रोजच्यासारखी ती कचऱ्याची बादली इमारतीच्या दाराशी ठेवून भिंतीला हात लावत लावत परत आली होती. हे एवढं काम ती कुणाला करू देत नसे. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि दाराबाहेर डोकावून पाहिलं. पॅसेजच्या भिंतीवर तिच्या हाताचे ठसे ओळीनं उमटले होते. इमारतीच्या दाराजवळ पाचही बोटं ठसठशीत, विजेच्या मीटरच्या पेटीवर अर्धा पंजा, शेजाऱ्याच्या चौकटीवर नुसती बोटांची टोकं, आणि स्वतःच्या दाराशी येईतो रंग संपत आलेला. इतकी वर्षं ती या भिंतीवरून हात फिरवत होती, पण नेमका कुठून फिरवते ते आज पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होतं.

"रंगवतायत," तो म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्याला कळलं नाही. खरं काय ते त्यालाही अजून ठाऊक नव्हतं, पण तोंडातून थाप निघून गेली होती.

"अगं बाई! शेवटी सुचलं का मालकाला!" ती हसली. "आपण राहायला आलो तेव्हापासून एक हात फिरवला नाही मेल्यानं. कुठला रंग?"

"पिवळा."

"पिवळा बरा. घरात उजेड वाटतो."

तो रॉकेलमध्ये चिंधी बुडवून तिचा तळवा पुसत बसला. जन्मभर शिवणकाम केलेला हात. तर्जनीच्या टोकाला सुया टोचून टोचून झालेला घट्टा, आणि त्या घट्ट्याच्या रेघांत बसलेला रंग काही केल्या निघेना. ती मात्र खुशीत होती. आतूनही रंगवतील का, मग मशीन कुठं सरकवायचं, खिडकीच्या पट्ट्यांना वेगळा रंग दिला तर कसा, असं तिचं चाललं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापायला लागल्या. राग आला की आधी त्याचे कान तापत, डोक्याला खबर नंतर लागे. तिचा हात कोरडा करून तो पायात चपला सरकवत बाहेर पडला.

दाराला लागूनच इमारतीच्या कोपऱ्याशी तिपाईवर दुर्बीण लावून एक मोजणीवाला उभा होता. डोक्यावर हेल्मेट, कानात गाणं, पायाशी रंगाचा डबा. भिंतीवर त्यानं एक गोल काढून आत फुली मारली होती, आणि फुलीचा एक पाय बायकोच्या हातानं लांबवर फरफटत नेला होता. "हे पुसलं कुणी?" मोजणीवाल्यानं उलट त्यालाच विचारलं. "माझ्या बायकोनं," तो म्हणाला. "घर तिचं आहे. तू कुणाला विचारून फासलंस?" मोजणीवाल्यानं कानातलं काढलं. "काका, माझ्यावर कशाला चिडता? मालकानं सांगितलं, मी खुणा करतोय. नव्या बंदराचा रस्ता इथून जाणार. ही रांग सगळी जाते." "कुठला मालक?" मोजणीवाल्यानं खिशातून फोन काढला, बोटानं खालीवर केलं आणि वाचून दाखवलं. "बंदर कामगार पेन्शन फंड." मग मान वर करून त्याच्या रापलेल्या तोंडाकडे, जाड मनगटांकडे पाहिलं. "तुम्ही बंदरातलेच ना, काका? मग मालक तुम्हीच की!" आणि तो हसला. वाईट मनानं हसला नाही. गंमत वाटली म्हणून हसला, आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून वाकला.

कुणाची तरी गचांडी धरावी असा राग त्याला आयुष्यात पुष्कळदा आला होता आणि दरवेळी गचांडी समोर हजर असे. मुकादम असे, कंपनीचा साहेब असे, भाडं वाढवणारा, पगार कापणारा कुणीतरी असे. आता तो परत घराकडे वळला आणि त्याच्या लक्षात आलं की या खेपेला गचांडी त्याची स्वतःचीच होती. जुनं बंदर विकलं गेलं तेव्हा कंपनीकडून पेन्शन फंडाचं जे येणं होतं त्यापोटी ही कामगारांची वसाहत फंडाला मिळाली होती. तेव्हा किती आनंद झाला होता सगळ्यांना! आता आपण आपलेच भाडेकरू, या खिशातून काढायचं आणि त्या खिशात घालायचं, असं म्हणत लोकांनी एकमेकांच्या पाठीत धपाटे घातले होते. त्यानंही घातले होते. टीव्हीवर जेव्हा जेव्हा पेन्शनच्या पैशाची चर्चा लागे, तेव्हा आपला पैसा परक्या कंपन्यांत का सडवता, आपल्या देशात घाला, असं तो खुर्चीतून ओरडत असे आणि बायको दुसऱ्या खोलीतून म्हणत असे, "अहो, त्याला ऐकू जात नाही." आता ऐकू गेलं होतं. सरकारनं कायदा केला, साऱ्या पेन्शन फंडांनी आपल्यातला मोठा वाटा देशउभारणीत घातलाच पाहिजे म्हणून. आणि देशाची उभारणी फिरत फिरत त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी येऊन ठेपली होती. कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं तर कुंपणही आपण आणि शेतही आपणच. त्याला थुंकावंसं वाटलं, पण तोंड कोरडं पडलं होतं.

बंदरात त्याला सगळे 'वरचा' म्हणत. क्रेनच्या टोकाच्या काचेच्या खोलीत त्याचा जन्म गेला. खालची माणसं तिथून इतकी लहान दिसत की कुणाचा चेहरा दिसत नसे, नुसती टोपी आणि हात. त्यातला एकच हात त्याच्या कामाचा. तो हात 'खालच्या'चा. खालचा धक्क्यावर उभा राहून इशारे करी आणि वरचा त्या इशाऱ्यांवर माल उचली, फिरवी, टेकवी. जहाजाच्या पोटात माल उतरताना वरच्याला तळ दिसतच नसे. तिथं काय आहे, कोण उभं आहे, हे फक्त खालच्याच्या हाताला ठाऊक. डोळ्यांवर पट्टी बांधून कुणी आपल्याला चालवावं तसं खालच्यानं त्याला चालवलं आणि एकदाही आपटू दिलं नाही. बायकोची नजर जायला लागली, आधी सुईचं नेढं दिसेना, मग कापडावरची रेघ, मग कापड, तेव्हा तो तिला घरभर हात धरून फिरवी, आणि फिरवताना त्याच्या मनात खालच्याचाच हात असे. मशीनचा कोपरा कमरेला लागतो म्हणून त्यानं तो कानशीनं गोल केला. उंबरा काढून टाकला. भिंतीत कुठं खिळा राहू दिला नाही. तरी ती पहिल्यापहिल्यांदा धडपडलीच. गुडघे फोडून घेतले, हात भाजून घेतले, एकदा रागानं कप भिंतीवर फेकला, आणि फुटल्याचा आवाज ऐकून म्हणाली, "भिंत तिथं आहे होय!" दोघंही खूप हसली होती, आणि मग ती रडली होती. हळूहळू घर तिच्या हातात आलं. या भिंतीचा पोपडा इथं सुटलाय, इथं हात गार लागतो म्हणजे मागं पाण्याचा नळ आहे, इथून तीन बोटं पुढं दाराची चौकट, हे तिला पाठ झालं. आता ती अशी वावरे की नवा माणूस घरी आला तर त्याला काही कळूच नये.

बंदरात एक रिवाज होता. दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे केले की क्रेन थांबलीच पाहिजे. बाकीचे इशारे खालच्याचे, पण हा इशारा कुणाचाही. हमाल असो, झाडूवाली असो, वाट चुकलेला खलाशी असो, दोन हात वर झाले की माल जिथं असेल तिथं लटकता राहणार आणि धक्क्यावरचा प्रत्येक जण दोरावरचा, साखळीवरचा हात काढून घेणार. का थांबवलं हे विचारायचं नाही. आणि ज्यानं थांबवलं त्यानंच हात खाली घेतले तर काम पुढं सुरू. एकदा हिशेबखात्यातल्या एका कारकुनाची टोपी वाऱ्यानं उडाली आणि मालाच्या बरोबर खाली गेली. गडी बुजरा, पण त्यानं केले दोन्ही हात वर. सगळं बंदर थांबलं. त्यानं एक हात वरच ठेवून तुरुतुरु जाऊन टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि मग तो हात खाली घेतला. लोक पोट धरून हसले, पण एकानंही त्याला शिवी दिली नाही. "टोपीसाठी थांबलं तरच माणसासाठी थांबेल," असं खालचा तेव्हा म्हणाला होता. तो काही शहाणपणाचं बोलायला गेला नव्हता, त्याला फक्त जेवणाची सुट्टी लवकर हवी होती. पण पुढं एकदा त्याच खालच्यानं हात वर केले तेव्हा पोलादी दोराचा एक पदर सुटलेला होता आणि खाली माणसं होती.

आता खालचा पेन्शनर संघाचा सेक्रेटरी होता. संघाच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि खालचा टेबलावर वाकून सभेच्या खुर्च्यांबद्दल फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता. तो फोन ठेवीपर्यंत वरच्याला टीव्ही ऐकावा लागला. नेहमीचीच चर्चा, नेहमीचीच तोंडं. एक गुबगुबीत बाई म्हणत होती, कामाला माणसं कमी आणि पेन्शन खायला जास्त, ही गाडी चालायची कशी. चष्मेवाला एक जण म्हणत होता, पेन्शनचा पैसा हा झोपलेला पैसा आहे, त्याला उठवा, कामाला लावा, रस्ते करा, बंदरं करा. 'झोपलेला पैसा' हे तो इतक्यांदा म्हणाला की वरच्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा तापल्या. कोण झोपलाय? भर उन्हात काचेच्या खोलीत भाजत, लघवी दाबून, डोळा न लवू देता मिळवलेला एक एक आणा झोपला, आणि हा जागा! वर तोंड करून माणसाला खायला जास्त म्हणतात. जगणं म्हणजे जणू चोरी. बायकोच्या हातचे शिवलेले कपडे या लोकांच्या आयांनी घातले असतील. खालच्यानं फोन ठेवला आणि टीव्ही बंद केला. "बस," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं तू येणार. खुणा करायला आज आले ना?"

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? मीच सांगणार होतो सभेत. आधी सभा आणि मग खुणा, असं ठरलं होतं. यांना दम निघत नाही."

"माझ्या घराच्या भिंतीवर फुली मारलीय लेका."

"माझ्या बहिणीच्या पण मारलीय," खालचा म्हणाला. "ऐकून घे. ओरडू नकोस, मला रक्तदाब आहे. फंड पोकळ झालाय. नव्या बंदरात माणसंच नाहीत, सगळी यंत्रं, फंडात पैसे भरणार कोण? असंच चाललं तर पुढच्या वर्षी सगळ्यांची पेन्शन कापतील. रस्त्यात पैसा घातला तर सरकार व्याजाची हमी देतंय. एकीकडे तुमची चार इमारतींची रांग, आणि दुसरीकडे सगळ्या बंदराचे म्हातारे आणि विधवा. तूच सांग मी काय करू. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय."

वरच्याला वाटलं होतं की इथं तरी गचांडी सापडेल. खालच्यानं खोटं बोलावं, पैसे खाल्लेले असावेत, नजर चुकवावी. म्हणजे टेबल उलथून टाकून मोकळं होता येईल. पण खालच्याची नजर जागच्या जागी होती. त्याच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती, आणि ती शिवण बायकोचीच होती, नजर जाण्याआधीची. याच्या मुलाची नोकरी गेली, सून आणि नातवंडं याच्याच पेन्शनवर आहेत, हे वरच्याला माहीत होतं. त्यामुळे राग आणखीच वाढला. ज्याच्यावर मनासारखं चिडताही येत नाही अशा माणसाइतका ताप दुसरा नाही.

"नवीन घरं देतायत," खालचा म्हणाला. "शहराबाहेर आहेत, पण चांगली आहेत. लिफ्ट आहे. बाराव्या मजल्यावर मिळालं तर तुला बरंच की. तुझा जन्मच वर गेला."

"माझा गेला. तिचा?"

खालच्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनींचं मी बोललोय साहेबांशी. तुमच्यापुरता अपवाद करतील. तळमजला देतील. फक्त सभेला त्यांना घेऊन ये. पुढच्या रांगेत बसव. लोकांना दिसलं की फंड माणुसकीनं वागतोय, तर..."

"तर काय?"

"तर हात वर करायला त्यांना सोपं जाईल."

वरचा उठला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तिला तळमजला नकोय, तो पोपडा हवाय, तो गार लागणारा भाग हवाय, हे सांगायचं होतं. पण तोंडातून एवढंच आलं, "लाज वाटत नाही रे!" आणि ते बोलून झाल्यावर त्याला कळलं की खालच्याला लाज वाटतेय, चांगलीच वाटतेय, आणि तरी तो हेच करणार आहे. तो दार आपटून निघाला. दार धडपणे आपटलंही नाही. वरच्या बाजूला हवेचा दट्ट्या बसवलेला होता, त्यानं ते हळूच लावून घेतलं.

रस्त्यानं चालताना तो स्वतःशी बडबडत होता. माणसं वळून पाहत होती. त्या चष्मेवाल्याला, गुबगुबीत बाईला, मोजणीवाल्याला तो उत्तरं देत होता, आणि उत्तर जमत आलं की मध्येच खालच्याच्या सुनेचा चेहरा येई आणि वाक्य तुटे. रस्ता झाला नाही तर तिची चूल विझणार. रस्ता झाला तर बायकोचं घर जाणार. आणि त्याची स्वतःची औषधं, घरातला दिवा, भाजी, सगळं त्याच फंडातून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्यानं हे असं जुळवून आणलं त्याचं डोकं किती थंड असेल! दोन म्हातारे एकमेकांसमोर उभे करायचे आणि आपण वर बसून म्हणायचं, ठरवा तुमचं तुम्ही, मालक तुम्हीच आहात. वर बसून. तोही वरच बसत असे, पण तो खाली पाहत असे. खाली माणूस आहे की नाही हे पाहिल्याशिवाय त्यानं कधी माल सोडला नव्हता.

घरी आला तेव्हा बायको मशीनशी बसली होती. दिसत नसलं तरी सरळ शिवण ती अजून मारायची. पडदे, पिशव्या, असलं काहीबाही. तिनं मशीन थांबवलं नाही. "पॅसेजमध्ये हात लावून आले," ती म्हणाली. "भिंत सुकलीय. रंगवलेली नाही. आपल्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत जुनाच पोपडा आहे. रंग फक्त कोपऱ्याशी आहे, एका ठिकाणी. गोल आहे." तिनं पाय थांबवला. "आणि आत फुली आहे."

तो उभाच राहिला. मग खुर्चीत बसला आणि सगळं सांगितलं. मोजणीवाल्याचं, खालच्याचं, तळमजल्याचं, पुढच्या रांगेचं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला, आणि ती मात्र मान किंचित वाकडी करून, खिडकीकडे कान देऊन ऐकत राहिली.

"म्हणजे सकाळी माझ्या हातावर तोच रंग होता."

"हो."

"आणि तुम्ही तो पुसलात. आणि मी मूर्खासारखी पट्ट्यांना कुठला रंग द्यायचा ते सांगत बसले."

"अगं, तुला त्रास नको म्हणून—"

"मला भांडं समजू नका!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारी कुणाच्या तरी हातातलं काहीतरी पडलं. "उचललं इथून, ठेवलं तिथं. खालचे भाऊजी पुढच्या रांगेत ठेवणार, तुम्ही मागच्या खोलीत ठेवणार. माझ्या घरावर फुली मारली, ती माझ्याच हाताला लागली, आणि तुम्ही रॉकेलनं पुसलीत. मला कळू नये म्हणून! कुणासाठी पुसलीत? माझ्यासाठी का स्वतःसाठी?" तिचा श्वास वर आला होता. मशीनच्या गोल केलेल्या कोपऱ्यावर तिचा हात घट्ट दाबलेला होता. मग ती हळू बोलली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "एकदा आंधळी झाले मी. त्या वेळी अंगात जोर होता. परत एकदा आंधळी नाही व्हायचं मला."

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं तो झटकून टाकला. तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. "सभेला मी येणार आहे," ती म्हणाली. "पुढच्या रांगेत नाही. तुमच्या शेजारी."

सभेचं सभागृह म्हणजे बंदराचं जुनं मालगोदाम होतं. आता तिथं फरशी बसवलेली होती, पण वास तोच होता. ताग, तेल, गंजलेलं लोखंड. ती दारातच थांबली आणि नाकानं खोल श्वास घेऊन म्हणाली, "तुमच्या शर्टांना यायचा हा वास." मधल्या रांगेत दोघं बसली. लोक खूप जमले होते, काठ्या, कुबड्या, कानातली यंत्रं, सगळ्या सरंजामासकट. जुने हमाल, साखळीवाले, क्रेनवाले, बायका, विधवा. मंचावर पडदा लावला होता आणि फंडाचा साहेब हसतमुखानं उभा होता. कोट चांगला शिवलेला होता, याची वरच्यानं नोंद घेतली, बायकोला हात लावून पाहता आला असता तर तिनं शिवण ओळखली असती. पडद्यावर रस्ता दिसत होता, गुळगुळीत, कडेला झाडं, आणि कुठंही एकसुद्धा म्हातारं माणूस नाही. "तुमचा पैसा इतकी वर्षं झोपला होता," साहेब म्हणाला. बायकोची बोटं वरच्याच्या मनगटावर आवळली गेली.

मग खालचा बोलायला उभा राहिला. त्यानं सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. घरं जाणार, कुणाची जाणार, का जाणार. फंड किती पोकळ झालाय. सांगताना त्याचा घसा बसत होता. मागून एक विधवा ओरडली, "अहो, मग करा की लवकर! माझं भागत नाही महिन्याचं!" आणि बऱ्याच जणांनी तिला होकार भरला. वरच्यानं वळून पाहिलं. तिच्या नवऱ्याला तो ओळखत होता. साखळीखाली बोटं गेलेला हसरा माणूस होता तो. तिच्यावर कसं चिडायचं? आणि न चिडून कुठं जायचं? राग छातीत मावेना. तो दंडांत उतरला. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत," खालचा म्हणाला. खुर्च्या करकरल्या. एकेक करत हात वर व्हायला लागले, सुजलेल्या बोटांचे, थरथरणारे, काही अर्धेच वर जाणारे हात. त्या हातांखाली माणसं होती. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. साहेब फक्त हात मोजत होता.

वरचा उठून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर ताठ धरले.

तो काही ठरवून उठला नव्हता. पण हात वर गेले तशी सभागृहातली कुजबुज पुढून मागपर्यंत विझत गेली. त्याच्या समोरच्या रांगेत एका जुन्या साखळीवाल्यानं वर केलेला आपला हात चटकन खाली ओढला, तापल्या तव्यावरून ओढावा तसा, आणि मग स्वतःच्याच हाताकडे चकित होऊन पाहिलं. त्याच्या पलीकडच्यानंही ओढला. मग आणखी कितीतरी. दोरावरचे, साखळीवरचे हात निघावेत तसे ते हात निघाले. मंचावर खालच्याचं तोंड उघडं होतं. त्याचे डोळे वरच्याच्या हातांवर होते, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "थांबा."

"काय झालं?" साहेबानं विचारलं. "हे यांचं मत आहे का? बाजूनं की विरुद्ध?"

"मत नाही. त्यानं थांबवलंय."

"कशासाठी?"

"ते विचारायचं नसतं," खालचा म्हणाला. मग त्याचा बसलेला घसा साफ झाल्यासारखा आवाज मोठा झाला. "साहेब, आमच्याकडे टोपीसाठीसुद्धा थांबवायचे!" सभागृहात जुनं, खोकल्यात मिसळलेलं हसू पसरलं. साहेब हसला नाही. त्यानं घड्याळ पाहिलं. "मग पुढं कधी जायचं?"

"त्यानं हात खाली घेतले की."

"बसवा त्याला!" मागून ती विधवा किंचाळली. "याची बायको आणि आमचं पोट! बसवा खाली!" दोघंतिघं उठले. बाकीचे बसूनच राहिले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. सगळे त्याच्या हातांकडे पाहत होते, आणि त्याला वाटलं की छताशी खरंच काहीतरी प्रचंड लटकतंय, त्याचं घर, त्या विधवेची चूल, खालच्याची सून, सगळं एकाच आकड्याला, आणि खाली हीच माणसं. जन्मभर त्यानं वरून पाहिलं होतं. हात वर करून खाली उभं राहायला काय लागतं ते त्याला माहीत नव्हतं. खांद्यांत कळा सुरू झाल्या. म्हातारे खांदे. दंड लटपटायला लागले. फार वेळ हे जमणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि साहेबालाही कळत होतं; तो हात बांधून शांतपणे वाट पाहत होता.

"अहो," बायको खालून म्हणाली. "सगळे गप्प का झाले?"

ती उभी राहिली. तिचा हात त्याच्या कमरेपाशी लागला, तिथून सदऱ्यावरून वर सरकला, बरगड्या, काख, दंड, घरातल्या भिंतीवरून जावा तसा एकेक जागा ओळखत, आणि कोपराशी आला. वर ताणलेल्या, थरथरणाऱ्या कोपराशी तो थांबला. क्रेनवाल्याची बायको होती ती. तिला सांगावं लागलं नाही. तिच्या तर्जनीच्या घट्ट्यात अजून थोडा पिवळा रंग होता. तिनं कोपराखाली आपला तळवा लावला आणि भार घेतला.

"दुखतायत का हो?"

"हो."

"दुखू देत," ती म्हणाली.